गाडी ‘येऊन राहिली’

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "सुभेदार साहेब, शांतिसेनेत होते ना तुम्ही? गोळीबाराचा एखादा दणदणीत प्रसंग लिहून द्या." मी म्हटलं, "अडचण अशी आहे, की उभ्या नोकरीत मी जवानांना गोळी कधी चालवायची नाही एवढंच शिकवलं." मग ते म्हणाले, "बरं, मग तेच लिहा. पण थोडं रंगवून." पोळ्याचा बैल रंगवतात तसं रंगवणं मला जमणार नाही. झालं तसं सांगतो, रंग त्यातच पुरेसा आहे.

माझं गाव आंधळगाव. पलटणीत शिपाई म्हणून शिरलो, सुभेदार होऊन बाहेर पडलो. मधल्या काळात वरिष्ठांच्या लक्षात आलं, की हा माणूस बोलायला लागला की थांबत नाही. त्यांनी मला एका अभ्यासक्रमाला पाठवलं आणि परत आल्यावर शांतिसेनेत निघालेल्या तुकड्यांना युद्धाचा कायदा शिकवायच्या कामाला लावलं. पुढे त्यांच्याबरोबर परदेशातही जावं लागलं. आमच्या वस्तीत कायदा या शब्दाला फार मान. मी कायदा शिकवतो असं कळलं तेव्हा म्हातारी माणसं आपणहून उठून मला जय भीम करू लागली. कोणता कायदा, हे कोणी विचारलं नाही. माझ्या आईची तर शेवटपर्यंत समजूत होती, की आपला मुलगा फौजेत वकील आहे आणि त्याच्या सल्ल्याशिवाय सरकार लढाईला निघत नाही. मी ती समजूत काढून टाकायचा फारसा प्रयत्न केला नाही.

ज्यांना हा विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. युद्धाचे कायदे दोन. एक, भांडण सुरू करता येतं का याचा. दुसरा, सुरू झालंच तर कसं भांडायचं याचा. पहिला देशांसाठी. जगातल्या देशांनी मिळून एका सनदेवर सह्या केल्या आहेत, की आम्ही एकमेकांवर बळ वापरणार नाही. आपल्यावर हल्ला झाला तर स्वतःला वाचवायचं, किंवा सगळ्यांच्या वतीनं परवानगी मिळाली तर हत्यार उचलायचं, एवढीच त्यात सूट. दुसरा कायदा लढणाऱ्यांसाठी. लढणारा कोण आणि न लढणारा कोण ते ओळखा, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका, गरजेपेक्षा जास्त मारू नका, जखमीला आणि शरण आलेल्याला हात लावू नका. भांडण कोणी लावलं हे हा दुसरा कायदा विचारतच नाही. वर्गात एक प्रश्न ठरलेला असायचा. "साहेब, लढाईलेच बंदी हाय, तं लढाईचे नियम कायले?" मी म्हणायचो, शेजारच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे ना, तिथल्या दवाखान्यात पोट धुवायची नळी ठेवतात की नाही? ठेवतात. त्यातलाच हा प्रकार आहे.

निवृत्तीनंतर गावात माझ्याकडे येणारे पक्षकार सनदेच्या बाबतीत फार तयारीचे असतात. एका पावसाळ्यात, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, नुकताच आटोपला होता, तेव्हा आमच्या मागच्या गल्लीतले गोवर्धनभाऊ आले. त्यांचं आणि त्यांच्या सख्ख्या भावाचं शेत लागून. दोघांच्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, आणि मधे फक्त एक धुरा.

"सुभेदार, जरा तुमच्या कायद्यात पाहून सांगा. भावाची म्हैस माह्या बांधीत शिरते."

"शिरली का?"

"अजून नाई. शिरनार हाय. तिच्या नजरेत दिसते."

"मग तुमचं काय म्हणणं?"

"आजच तिचं तंगडं मोडून टाकतो. सोताचं संरक्षन."

मी त्यांना ओसरीवर बसवलं आणि सांगितलं, की हल्ला झालेला असावा लागतो. फार तर अगदी डोक्यावर येऊन ठेपलेला, दुसरा काही उपाय उरलेला नाही असा. उद्याच्या म्हशीला आज मारता येत नाही. त्याला साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात. गोवर्धनभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पन मोठे देश तं धोपटून राहिले. टीवीवर रोज दाखवते. त्याहिले कोनी काही म्हनत नाई." या प्रश्नावर मोठमोठे पंडित घसा खाकरतात, मी तर आंधळगावचा. मी चहा मागवला. शेवटी त्यांनी धुऱ्यावर काटेरी फांद्या रोवल्या. आगाऊ संरक्षणाचा तेवढा एक प्रकार मला पूर्णपणे कायदेशीर वाटतो.

परदेशातले पक्षकार याहून फार वेगळे नव्हते. ज्या देशात आम्ही होतो त्याचं नाव सांगत नाही, तिथली माणसं भली होती आणि दोन टोळ्या सोडल्या तर कोणाचं कोणाशी वैर नव्हतं. त्यातल्या एका टोळीच्या सरदारानं गावच्या शाळेच्या व्हरांड्यात मशीनगन मांडली. मला पाठवलं समजावायला. बरोबर आमचा दुभाष्या, राजधानीत शिकलेला, कडक इस्त्रीतला तरुण. मी सरदाराला म्हटलं, शाळेत बंदूक ठेवता येत नाही. तो म्हणाला, "आज रविवार आहे." मी म्हटलं, कायदा वेळापत्रक बघत नाही, तुझ्या बंदुकीमुळे समोरचा शाळेवर गोळे टाकेल. त्यानं थोडा विचार केला आणि बंदूक तिथून उचलून आपल्या सासूच्या अंगणात नेऊन ठेवली. मी पुन्हा गेलो. म्हटलं, अरे बाबा, सासूसुद्धा न लढणाऱ्यांत मोडते. दुभाष्यानं ते त्याच्या कानावर घातलं, तेव्हा तो मनापासून चकित झाला. म्हणाला, "साहेब, तुम्ही तिला भेटला नाहीत." बंदूक शेवटी टेकडीवर गेली. माझ्या कारकिर्दीतलं हे सर्वांत मोठं यश, पण त्याची नोंद कुठेही नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो त्या शालिककडे येतो. शालिक आमच्याच जिल्ह्यातला, साकोली तालुक्यातल्या एकोडीचा. उंच, सावळा, मोजकं बोलणारा, आणि जे सांगाल ते शब्दशः करणारा. वर्गात तो मला पहिल्या दिवशीच लक्षात राहिला. जवानांच्या खिशात ठेवायला आमच्याकडे एक छोटं कार्ड असायचं, बळ कधी आणि किती वापरायचं याचं. त्याचं मराठी कोणा विद्वानानं केलं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘गोळी झाडण्यापूर्वी स्पष्ट इशारा द्यावा.’ शालिकनं हात वर केला.

"साहेब, गोळी झाडाची मंजे काय कराची? पुसून ठेवाची का?"

वर्ग हसला, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे गोळी मारतात, चालवतात. झाडतात ते अंगण. मी कार्डाचं सोपं करून सांगितलं: आधी हात दाखव, मग ओरड, मग हवेत एक, आणि तरीही धोका अंगावर येतच असेल तर थांबवण्यापुरतं. ‘येतच असेल तर’ यावर मी फळ्यावर खडू आपटला. धोका येत असेल तर गोळी कायदेशीर, धोका थांबला असेल तर तीच गोळी गुन्हा. बंदूक तीच, माणूस तोच. मधे फक्त क्रियापदाचा काळ बदलतो.

छावणीत आणखी एक हुकूम होता, की वायरलेसवर हिंदी किंवा स्वच्छ मराठी बोलावं, गावठी बोलू नये. आमच्यात खानदेशपासून गोंदियापर्यंतची पोरं होती. एकाचं दुसऱ्याला कळेना, म्हणून हा हुकूम निघाला. हुकूम काढणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

छावणीचं फाटक उताराच्या पायथ्याशी होतं. फाटकाबाहेर आम्ही गावासाठी पाण्याचा नळ काढून दिला होता आणि सकाळी तिथे बायांची रांग लागायची. त्या आठवड्यात वरून इशारा आला होता, की एखादी टोळी गाडी भरधाव आणून छावणीवर घालायच्या बेतात आहे. शालिक पहाऱ्यावर होता. उतारावरून एक माल वाहायची गाडी सुसाट खाली येऊ लागली. शालिकनं वायरलेसवर कळवलं, "गाडी येऊन राहिली. गाडी येऊन राहिली." आत यंत्रावर साताऱ्याचा जाधव बसला होता, नुकताच बदलून आलेला. तो म्हणाला, "बरं, ठीक आहे."

शालिकनं हात दाखवला. ओरडला. हवेत एक गोळी चालवली. गाडी येतच होती आणि चालवणारा खिडकीतून हात हलवत काहीतरी ओरडत होता. बाया हंडे टाकून पळायला लागल्या. शालिकनं पुढच्या चाकावर गोळी मारली. गाडी वळली, कलंडली आणि नळाच्या अलीकडे नालीत जाऊन पडली. सगळ्यांच्या आधी शालिकच धावला. त्यानं चालवणाऱ्याला ओढून बाहेर काढलं, स्वतःच्या जवळच्या पट्टीनं त्याचा पाय बांधला. पाय मांडीत मोडला होता. गाडीत बॉम्ब नव्हता, केळी होती.

त्या माणसाचं नाव मूसा. डोंगरापलीकडच्या सीमेवरच्या गावातला, केळी वाहून पोट भरणारा साधा माणूस. छावणीतल्या एका तंबूत चौकशी बसली. बसायलाच हवी होती. शांतिसेनेची निळी टोपी घालून परक्या देशात गेलेल्या शिपायानं नागरिकावर गोळी चालवली, तर ती का चालवली हे विचारलंच पाहिजे. मी तर तेच शिकवायचो. फक्त ते शालिकला विचारायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

चौकशीचे प्रमुख एक कर्नल साहेब होते, पुण्याकडचे. सरळ, न्यायी आणि शब्दाला शब्द लावून ऐकणारे. बाकीच्या दोघा अधिकाऱ्यांना, त्यातले एक राजस्थानचे मेजर साहेब, मराठी येत नव्हती. पहिली साक्ष जाधवची झाली. "शालिकनं काय कळवलं?" जाधवनं खरं तेच सांगितलं. "म्हणाला, गाडी येऊन राहिली." "म्हणजे?" "म्हणजे आली आणि राहिली, साहेब. उभी राहिली. म्हणून तर मी ठीक आहे म्हणालो."

दुसरी साक्ष मूसाची. तो खाटेवरून बोलला आणि आमच्या इस्त्रीतल्या दुभाष्यानं सांगितलं, "साक्षीदार म्हणतो, गाडी उभी होती." दोन साक्षीदार, एकमेकांना न ओळखणारे, आणि दोघांचंही म्हणणं एकच. गाडी उभी होती आणि शालिकनं उभ्या गाडीवर गोळी चालवली. नळावरच्या बाया हवेतल्या गोळीलाच पळाल्या होत्या, साक्षीला कोणी येईना, आणि उतारावरची उभी गाडीही चाक फुटल्यावर घरंगळून नालीत जाऊ शकते.

शालिक शपथेवर म्हणत होता, "नाई साहेब, गाडी येऊन राहिली होती." आणि जितक्या वेळा तो हे म्हणायचा तितका तो आणखी अडकत जायचा.

कर्नल साहेबांनी मला बोलावलं. मी सांगितलं, की आमच्याकडे ‘येऊन राहिली’ म्हणजे ‘येत आहे’. जेवून राहिला म्हणजे जेवतो आहे, जाऊन राहिला म्हणजे जातो आहे. ते म्हणाले, "सुभेदार, नागपूरकडे असं बोलतात हे मी ऐकलं आहे. पण वायरलेसवर स्वच्छ मराठी बोलायचा हुकूम आहे. तो त्यानं पाळला असं धरलं, तर गाडी उभी होती. गाडी चालू होती असं म्हणायचं, तर त्यानं हुकूम मोडला असं धरावं लागतं. आणि तुम्ही त्याच्याच जिल्ह्याचे. तुमची साक्ष मी किती मोजू?" बोलणं रास्त होतं. मी राजस्थानच्या मेजर साहेबांकडे वळलो आणि हिंदीत विचारलं, "साब, आप भी तो ‘आ रही है’ बोलते हैं. कोई समझता है क्या, कि आकर रह गयी?" मेजर साहेब गोंधळून आपल्याच भाषेकडे पाहू लागले, पण नोंद काही झाली नाही.

दुपारी शालिक नळापाशी बसला होता. मी जवळ गेलो तर उठून उभा राहिला.

"बस. घाबरलास काय?"

"घाबरून नाई राहिलो, साहेब. घरी पाठवतीन तं पाठवतीन. कोर्टमार्शल करतीन तं करतीन. पन एकोडीत म्हनतीन, शालिकनं उभ्या मानसाले गोळी मारली. माहा बाप ऐकंल ते." मग म्हणाला, "तुम्ही शिकवलं तसंच केलं न मी?"

मी हो म्हटलं. शिकवणाऱ्याला याहून वाईट प्रश्न नसतो. मला स्वतःचा राग आला, कारण इतकी वर्षं कलमं पाठ करून या पोराला वाचवायला माझ्याजवळ एक क्रियापदसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकशी तंबूतच बसली. पावसाळा होता, आदल्या रात्री पाऊस धो धो कोसळला होता. शालिक टोपी काढून सावधान उभा. कर्नल साहेब खाली मान घालून लिहीत होते. त्यांच्या मागे तंबूची मधली बल्ली, म्हणजे लाकडी खांब, आणि ती हळूहळू कलायला लागली होती. मी दाराशी होतो, मला दिसत होतं. शालिकलाही दिसलं.

"साहेब, बल्ली पडून राहिली."

"राहू दे," कर्नल साहेब मान वर न करता म्हणाले.

शालिकला हुकूम मिळाला होता. तो तसाच उभा राहिला. बल्ली आणखी कलली.

"साहेब, पडूनच राहिली जी."

"अरे, राहू दे म्हटलं ना. नंतर कोणीतरी उचलेल."

आणि बल्ली आली. तिच्याबरोबर तंबूही आला, भिजलेला, जड, तिन्ही साहेबांवर आणि टेबलावर. आत काही काळ फक्त हात दिसत होते. मग कापडाखालून कर्नल साहेबांचा आवाज आला. आवाजात राग नव्हता, विचार होता.

"शालिक, ही बल्ली... तू म्हणालास तेव्हा पडत होती?"

"हो साहेब."

"आणि आता?"

"आता पडली, साहेब."

आम्ही कापड ओढून काढलं. कर्नल साहेबांच्या कपाळावर छोटं टेंगूळ आलं होतं. त्यांनी टेबल सरळ केलं, खुर्ची सरळ केली आणि मेजर साहेबांना इंग्रजीत सांगितलं, की ‘राहिली’चा अर्थ प्रात्यक्षिकानं सिद्ध झाला आहे, तसं लिहून घ्या.

त्या बल्लीचा दोर कसा सुटला, हे मला पलटणीत पुढे अनेकांनी विचारलं, अजूनही जुने सोबती भेटले की डोळा मारून विचारतात. त्यांना मी एवढंच सांगतो, की पावसात दोर सैल होतात, हा निसर्गाचा कायदा आहे. युद्धाच्या कायद्यात शक्कल लढवायला मुभा आहे, दगा करायला नाही. पांढरं निशाण दाखवून गोळी मारली तर तो दगा. खोट्या झाडाआड लपलं तर ती शक्कल. बल्ली यातल्या कशात बसते, हे अजून कोणत्याही परिषदेत ठरलेलं नाही. शिवाय स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कोणावर करता येत नाही, आणि हा कायदा तर संविधानातला, आमच्या घरात तो फारच मानतात.

कर्नल साहेब मोठे यासाठी, की ते तिथे थांबले नाहीत. कपाळ चोळत त्यांनी दुभाष्याला विचारलं, "तुम्ही कुठले?"

"राजधानीचा."

"आणि मूसा?"

"सीमेवरचा. त्यांची भाषा जराशी वेगळी आहे. पण तशी एकच."

"आमचीही तशी एकच आहे," कर्नल साहेब म्हणाले आणि मूसाच्या गावचं कोणी सापडतं का बघायला सांगितलं.

फार शोधावं लागलं नाही. फाटकाबाहेर भुईमुगाच्या शेंगा विकणारी एक आजी होती, ती त्याच गावातली निघाली. तिला खाटेशेजारी बसवलं. मूसा पहिल्या दिवशी बोलला होता तेच पुन्हा बोलला, शब्दही तेच असावेत. आजी ऐकता ऐकता दुभाष्याकडे बघून हसली. मग तिनं हातानं आडवंतिडवं करून त्याला समजावलं. दुभाष्याचा चेहरा पडला. तो खाली बघून म्हणाला, "साहेब, तो ‘गाडी उभी होती’ म्हणत नाही. ‘गाडी उभी राहत नव्हती’ म्हणतो. ब्रेक गेला होता. बायांनी बाजूला व्हावं म्हणून तो ओरडत होता."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. आम्ही आमच्या मराठीसाठी तंबू डोक्यावर घेतला होता, आणि हा माणूस मोडका पाय घेऊन पडून होता, कोणीतरी त्याला नीट विचारावं म्हणून वाट बघत. त्याची बाजू घ्यायला त्याच्या जिल्ह्याचा सुभेदार नव्हता. मी शिकवत असलेल्या कायद्यात न लढणाऱ्याला जपा असं पानापानावर आहे. त्याचं बोलणं ऐकायला त्याच्या बोलीचा माणूस आणा, असं मी वर्गात एकदाही सांगितलं नव्हतं. त्यानंतरच्या प्रत्येक वर्गात सांगितलं.

निकाल लागला. गाडी येत होती, शालिकला धोका खरा वाटला, वाटावा अशी परिस्थिती होती, त्यानं इशारे दिले आणि थांबवण्यापुरतीच गोळी चालवली. तो निर्दोष. गाडी आणखी पुढे आली असती तर नळावरच्या बाया सापडल्या असत्या, हेही लिहिलं गेलं. वायरलेसवर गावठी बोलल्याचा गुन्हा मात्र सिद्ध झाला आणि त्याबद्दल शालिकला छावणीचं मैदान झाडायची शिक्षा मिळाली. त्यानं कर्नल साहेबांना सलाम ठोकून विचारलं, "झाडूनं न, साहेब?" कर्नल साहेब पहिल्यांदा मोकळे हसले. भाषेचा हुकूम त्यांनी रद्द करवला नाही. त्याखाली एक ओळ घालायला लावली, की ‘राहिली’ ऐकू आल्यास गोष्ट चालू आहे असे समजावे आणि आधी मान वर करून बघावे.

शालिक पुढे हवालदार झाला, आता एकोडीत धानाची शेती बघतो. मूसाशी त्याचा संबंध तुटला नाही. परत येण्याआधी तो रोज दवाखान्यात जाऊन बसायचा. एकमेकांची भाषा येत नसताना दोघं काय बोलायचे देव जाणे. आता त्या शेंगावाल्या आजीचा नातू फोनवर मूसाचे व्हिडिओ पाठवतो आणि शालिक आपल्या बैलांचे.

मागच्या पावसाळ्यात मी एकोडीला गेलो होतो. आम्ही धुऱ्यावर बसलो. शालिकनं फोन काढला. एका अंगणात लग्न होतं, ढोल वाजत होते. मूसा पिकल्या केसांचा, मुलीचा हात धरून मांडवाकडे येत होता. हसत होता. पाऊल मात्र वाकडं पडत होतं, प्रत्येक पावलाला खांदा खाली जायचा आणि मुलगी त्याच्यासाठी चाल मंद करायची.

शालिक पुन्हा पुन्हा तेच लावत होता. मला वाटलं याला धीर द्यावा. मी जुना वर्ग उघडला. म्हटलं, शालिक, धोका येत होता. इशारे दिलेस. गरजेपुरतीच मारलीस. नळावरच्या बाया वाचल्या. जगातलं कोणतंही न्यायालय तुला दोष देणार नाही.

त्यानं सगळं सावधान उभा असल्यासारखं ऐकलं. मग फोन माझ्यासमोर धरून हळूच म्हणाला, "हो साहेब. कायदा बराबर हाय. पन तो अजून लंगडून राहिला."

या एका वाक्याचा अर्थ एकोडीत लावला काय आणि पुण्यात लावला काय, एकच होतो. मी त्याच्या हातातला फोन घेतला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून पाहिला.